मांगलीचा पाषाण आणि स्टीफन हिस्लॉप

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेची नववीची सहल तंजावूरला गेली होती. बृहदीश्वराचे मंदिर झाले, सरस्वती महाल ग्रंथालय झाले, मोडी लिपीतील कागद पाहून मुलांना आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण झाली. पुढे राजवाड्याच्या आवारात एका देवमाशाचा प्रचंड सांगाडा मांडून ठेवलेला आहे, तेथे आम्ही पोहोचलो. १९५५ मध्ये तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर हा देवमासा लागला होता, अशी माहिती तेथे मिळते. एरवी अखंड बडबडणारी मुले त्या हाडांपुढे गप्प उभी राहिली. थोड्या वेळाने एका विद्यार्थिनीने मला विचारले की, आपल्या विदर्भात असे काही कधी सापडले आहे का. आपला प्रदेश ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, त्यात हाडे कोठून टिकणार, असे सांगून मी पुढे चालू लागले.

माझे उत्तर चूक होते. ते किती चूक होते हे मला पुढे कळले, आणि ज्यांच्यामुळे कळले त्या गृहस्थांचे नाव मी लहानपणापासून रोज ऐकत आले होते. नागपूरकरांपैकी ज्यांनी सिव्हिल लाइन्सच्या बाजूने कधी सायकल हाकली असेल, त्या सर्वांनी ते ऐकलेले आहे. आपल्या शाळेच्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांच्या पदवीवर ते छापलेले आहे. हिस्लॉप म्हणजे एक महाविद्यालय, इतकेच आपल्याला ठाऊक असते. हिस्लॉप म्हणजे एक माणूस होता, त्याच्या खांद्यावर झोळी आणि हातात हातोडा असे, आणि आपल्या चंद्रपूरकडच्या मुलखातील एका लाल दगडातून त्याने एका अतिप्राचीन उभयचर प्राण्याची कवटी उजेडात आणली, हे मला माझ्या पन्नाशीत कळावे याची खंत वाटते. हीरक महोत्सवी स्मरणिकेत काय लिहावे, असा प्रश्न संपादक मंडळाने विचारला तेव्हा मी हाच विषय मागून घेतला.

तंजावूरच्या त्याच सहलीत आम्ही किल्ल्यातील एका जुन्या चर्चमध्येही गेलो होतो. तेथे संगमरवरात कोरलेले एक शिल्प आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे धर्मोपदेशक मृत्युशय्येवर आहेत आणि शेजारी सरफोजीराजे भोसले उभे आहेत, असा तो प्रसंग. श्वार्ट्झ यांनी सरफोजींच्या शिक्षणाची काळजी वाहिली, राजांनी आपला धर्म सोडला नाही, आणि तरीही गुरूचे स्मारक इंग्लंडमधील जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून घडवून आणले. नागपुरातही भोसल्यांचेच राज्य होते. आडनाव एक, घराणी निराळी. तेथेही एक धर्मोपदेशक आले, शिक्षक झाले आणि त्याच मातीत विसावले. फरक इतकाच की नागपूरच्या दरबाराने त्यांना आपले मानले नाही, आणि तसे मानावे अशी अपेक्षाही करता येत नव्हती.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यात, डन्स या गावी झाला. हा परगणा भूशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथील समुद्रकिनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचा एक कडा आहे. त्या ठिकाणी उभ्या थरांच्या जुन्या खडकावर तिरपे थर असलेला नवा खडक बसलेला पाहून जेम्स हटन यांना १७८८ मध्ये पृथ्वीच्या वयाची अफाटता उमगली. हटन यांची शेतीही याच परगण्यात होती. पुढे ज्यांनी आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचे थर वाचले त्यांचा जन्म अशा भूमीत व्हावा, हा योगायोग मला फार आवडतो. त्याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये.

हिस्लॉप यांचे शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि शेकडो धर्मोपदेशक सरकारी आश्रय सोडून फ्री चर्चमध्ये गेले. तरुण हिस्लॉप या नव्या पंथाचे झाले. १८४४ मध्ये इरॅस्मा हल यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्याच वर्षी हे दांपत्य हिंदुस्थानकडे निघाले आणि डिसेंबरात मुंबईस उतरले. १८४५ च्या फेब्रुवारीत ते नागपूरला पोहोचले तेव्हा हिस्लॉप सत्तावीस वर्षांचे होते.

ते कशासाठी आले होते हे लपविण्याचे कारण नाही. ते धर्मप्रसारासाठी आले होते आणि अखेरपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. तिसऱ्या रघूजींच्या त्या नागपुरात, सनातनी घरांमध्ये, आपला मुलगा पाद्र्याच्या शाळेत पाठवायचा म्हणजे मुलगा हातचा जाण्याची धास्ती. ती धास्ती निराधार होती असे मी म्हणणार नाही. त्यामुळे १८४६ मध्ये उघडलेल्या त्यांच्या शाळेकडे शहराने बराच काळ संशयाने पाहिले. तरीही मुले येत राहिली. इंग्रजी शिकण्याची ओढ हे एक कारण होते. पण हिस्लॉप यांनी मराठी मनापासून आत्मसात केली होती, आणि ज्याला आपली भाषा येते अशा माणसाशी पूर्ण वैर धरणे कोणत्याही गावाला कठीण जाते.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या मदतीला आले. हंटर पुढे मायदेशी परतले आणि एका मोठ्या ज्ञानकोशीय शब्दकोशाचे संपादक म्हणून नावारूपाला आले. नागपुरात मात्र या दोघांची जोडी जमली ती दगडांमुळे. हिवाळ्यात गावोगाव प्रवचनाचे दौरे काढायचे, आणि वाटेत दिसेल त्या नाल्याच्या कडेला, विहिरीच्या खोदकामाशी, खाणीच्या तोंडाशी थांबायचे, असा त्यांचा क्रम पडला.

पहिली मोठी संपत्ती त्यांना घराच्या अंगणातच मिळाली म्हणावे लागेल. सीताबर्डी आणि टाकळी! आज त्या नावांवर सिमेंटचे रस्ते आहेत. तेथे काळ्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाच्या खडकाचा एक पातळ पट्टा दिसतो. एक उद्रेक होऊन गेल्यावर आणि दुसरा होण्यापूर्वी मधल्या शांततेच्या काळात तेथे गोड्या पाण्याची तळी साचली होती. त्या तळ्यांत गोगलगायी होत्या, काठावर झाडे होती, झाडांवर कीटक होते. पुढचा लाव्हा येऊन त्याने सर्व झाकले, आणि झाकल्यामुळेच ते उरले. हिस्लॉप आणि हंटर यांनी टाकळीच्या त्या पट्ट्यातून शिंपले, फळे, बिया आणि किड्यांच्या पंखांचे अवशेषदेखील मिळवले. मी तंजावूरला त्या मुलीला सांगितले होते की आपल्या काळ्या दगडात काही टिकत नाही. काळ्या दगडाच्या बेचक्यात काय टिकले होते ते माझ्या शाळेपासून काही मैलांवर शंभर-दीडशे वर्षे ठाऊक होते.

विदर्भाचा सर्व भाग लाव्हाचा आहे ही समजूतही तितकीच अपुरी आहे. नागपूरच्या पूर्वेस आणि दक्षिणेस लाव्हाखाली दडलेले फार जुने गाळाचे खडक वर येतात. कामठीची वालुकाश्मे त्यांतलीच. कोळशाच्या खाणीही याच समूहाच्या पोटात आहेत. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे साठ मैलांवर, वर्धा नदीच्या खोऱ्यात मांगली नावाचे गाव आहे. तेथील लालसर, बारीक कणांच्या दगडात या दोघांच्या प्रयत्नांतून एक कवटी हाती आली.

कवटी मोठी नव्हती. देवमाशाच्या हाडांपुढे तर ती ठेवूच नये. चपटी, रुंद, वरून पाहिले तर अर्धवर्तुळाच्या जवळ जाणारी आकृती, आणि डोळ्यांच्या खोबणी नाकाकडे, पुढच्या अर्ध्या भागात सरकलेल्या. ज्याने कधी पावसाळी डबक्यात बेडूक निरखला आहे त्याला ती ओळखीची वाटली असती, आणि तरी ती बेडकाची नव्हती. हिस्लॉप यांना ती कशाची आहे याचा अंतिम निर्णय स्वतः द्यायचा नव्हता. आपल्या माहितीची हद्द ओळखण्याचा हा गुण शिक्षकात असावा, असे माझ्या चुकीनंतर मला विशेष वाटते. त्यांनी आपला नमुना लंडनला पाठविला. नागपूरला रेल्वे येण्यास तेव्हा अजून तेरा वर्षे होती आणि सुएझचा कालवा उघडला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लहानशा दगडाचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो.

लंडनमध्ये ती कवटी रिचर्ड ओवेन यांच्यापुढे आली. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी रूढ केला तेच हे ओवेन. त्यांनी तिचे वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. ग्रीक-लॅटिनच्या या जड नावाचा अर्थ अगदी साधा आहे. ब्रॅकिऑप्स म्हणजे आखूड चेहऱ्याचा, लॅटिसेप्स म्हणजे रुंद डोक्याचा. आपल्याकडे एखाद्या मुलाला वर्गातील सोबत्यांनी ठेवलेले टोपणनाव असते, तसेच हे नाव. हे वर्णन लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापले गेले. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूशास्त्रावरील मोठा निबंधही त्याच वर्षी त्याच त्रैमासिकात आला; तो संस्थेपुढे वाचला गेला होता १८५४ मध्ये. त्या दोन वर्षांत नागपुरात काय चालले होते? १८५३ च्या डिसेंबरात रघूजीराजे निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. शहर आपले राज्य गमावीत होते त्याच सुमारास त्याच्या परिसरातील खडकांचे नाव जगाच्या विद्वत्सभेत प्रथम उच्चारले जात होते.

हा प्राणी कोण होता हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण मुलांना डायनोसॉर पाठ असतात आणि त्यांच्या आधीचे हे पाणवासी कोणी सांगत नाही. ओवेन यांनी त्याला सरपटणारा प्राणी म्हटले होते. त्या काळी उभयचर आणि सरीसृप यांच्यातील रेघ आजच्याइतकी स्पष्ट नव्हती. आज तो निःशंकपणे प्राचीन उभयचरांत गणला जातो. या गटातील प्राण्यांच्या दाताचा आडवा छेद घेतला तर आतील थर नागमोडी वळणांनी दुमडलेले दिसतात, जणू भूलभुलैयाच. म्हणून ओवेन यांनीच या सर्व गटाला भूलभुलैयाचे दात असणारे या अर्थाचे नाव दिले होते. यांच्या कवटीच्या हाडांवर पन्हळींसारख्या रेषा असतात. माशांच्या अंगावर पाण्यातील हालचाल टिपणारी जी इंद्रिये असतात, तशी इंद्रिये त्या पन्हळींत होती. जो प्राणी आयुष्याचा बराच काळ पाण्यात काढतो त्यालाच त्यांचा उपयोग. मांगलीच्याच खडकांत शिंपल्यासारखी दोन झडपांची कवचे असलेले बारीक कवचधारी जीवही विपुल सापडले. रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये त्यांचे वर्णन करताना जातीचे नाव गावावरूनच ठेवले, मांगलिएन्सिस. असे जीव आजही उथळ, आटत जाणाऱ्या गोड्या पाण्यात वाढतात. म्हणजे चित्र जुळते: उथळ पाणी, लाल चिखल, तळाशी चपटे पडून भक्ष्याची वाट पाहणारा एक रुंद डोक्याचा प्राणी. काळ आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा, ट्रायासिक युगाच्या आरंभीचा.

हिस्लॉप यांनी स्वतः हे खडक इतके जुने मानले नव्हते. मध्य भारतातील वनस्पतींच्या जीवाश्मांवरून ते ज्युरासिक काळातील असावेत असा त्यांचा आणि हंटर यांचा कौल होता. पुढील संशोधनाने तो टिकला नाही. पण वाद घालण्यास पुरेसा पुरावा त्यांनीच मांडून ठेवला होता, आणि ज्यांनी त्यांचे म्हणणे खोडले त्यांनी त्यांच्याच नमुन्यांचा आधार घेतला. आणखी एक न्याय करायला हवा. भारतातील जीवाश्म उभयचरांत ब्रॅकिऑप्स अगदी पहिला नव्हे. मुंबई बेटावरील खडकांतून मिळालेल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन ओवेन यांनी १८४७ मध्येच केले होते. मात्र ते बेडूक पुष्कळ अलीकडचे, डायनोसॉर नाहीसे होण्याच्या सुमाराचे. डायनोसॉरांच्या आधीच्या जगातील उभयचर म्हणून मांगलीची कवटी वेगळी ठरते. तिच्या नावावरून पुढे एक संपूर्ण कुलच ओळखले जाऊ लागले. त्या कुलातील प्राण्यांचे अवशेष दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही मिळाले. गोड्या पाण्यातला प्राणी महासागर पोहून गेला नसणार. जमिनीच एकेकाळी जोडलेल्या होत्या.

त्या जोडलेल्या भूमीला आज जगभर गोंडवन म्हणतात, आणि येथे हिस्लॉप यांच्या आयुष्याचे दोन धागे एकत्र येतात. दगडांइतकेच त्यांचे मन गोंड समाजात गुंतले होते. त्या लोकांच्या बोलीचे शब्द, चालीरीती, देवदैवते यांची टिपणे ते वर्षानुवर्षे करीत राहिले. लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाची गाणी त्यांनी एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. धर्मांतराच्या उद्देशाने आलेला माणूस दुसऱ्या समाजाच्या देवाचे चरित्र अक्षर न अक्षर लिहून ठेवतो, यातील विसंगती मला अजून पूर्णपणे उलगडलेली नाही. ती उलगडली पाहिजे असेही नाही. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १८७२ मध्ये, हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने कोळसा पोटात असणाऱ्या या जुन्या खडकसमूहाला गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव दिले. पुढे एडवर्ड झ्यूस यांनी ते विलीन झालेल्या खंडांच्या महाभूमीला लावले. आपण पाहिलेल्या दगडांचे आणि ऐकलेल्या माणसांचे नाव एकच होणार आहे, हे हिस्लॉप यांना कधी कळले नाही.

इतर कामे मी त्रोटकच सांगते. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथील अवजड हाडांकडे त्यांनी लक्ष वेधले. मुंबईच्या एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये नागपूरच्या तळ्यातील एका सूक्ष्म वसाहती प्राण्याला हिस्लोपिया हे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी एका खनिजाला हिस्लोपाइट म्हटले गेले. नागपूरच्या वनस्पती-जीवाश्मांवर आणि कीटकांवर इंग्लंडमधील विद्वानांनी निबंध लिहिले, त्यांसाठीचा संग्रह येथूनच गेलेला होता. शाळा चालूच होती.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि लवकरच रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त म्हणून नागपुरास आले. टेंपल यांनी हिस्लॉप यांना जवळ केले. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाटजवळ प्राचीन शिळावर्तुळे आहेत; मोठमोठे धोंडे वर्तुळात मांडून त्यांखाली पुरलेली थडगी. नागपूर विद्यापीठाने पुढे तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्या वर्तुळांची पाहणी करण्यासाठी १८६३ च्या सप्टेंबरात हे दोघे गेले. बोरीला, म्हणजे आजच्या बुटीबोरीकडे, मुक्काम होता. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी हिस्लॉप घोड्यावरून एकटेच परतत होते. पावसाने ओढा भरून वाहत होता. रोजच्या सरावाचा, उन्हाळ्यात घोट्याएवढेही पाणी नसणारा विदर्भातील ओढा सप्टेंबरात काय करू शकतो हे आपल्याला सांगावे लागत नाही. ओढा ओलांडताना ते बुडाले. शेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास चार दिवस उरले होते.

त्यांचे गोंडांविषयीचे कागद अर्धवटच राहिले होते. ते टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. ज्या वर्षी ते गेले त्याच १८६३ साली नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, सुरू झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आले १८८३ मध्ये. नागपुरात आजही त्यांचे नाव आहे; चेहरा बहुतेकांना ठाऊक नाही, आणि कवटी तर कोणीच पाहिलेली नाही, कारण ती लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.

तंजावूरला प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी आता शिक्षणासाठी बाहेरगावी असते. गेल्या दिवाळीत मी तिला पत्र लिहिले आणि माझे उत्तर दुरुस्त केले. तिने उलट कळविले की तिला तो प्रश्न आठवत नव्हता, देवमासा मात्र आठवत होता; आणि मांगली वणीच्या नेमकी कोणत्या बाजूला, हे तिने पत्राच्या शेवटी विचारले होते. यंदाच्या नववीची सहल डिसेंबरात वर्धेच्या खोऱ्यात नेण्याचे ठरविले आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी त्या भागात राहत असल्यास कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा. पंचेचाळीस मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय लागेल.